वेण्णाकाठच्या उबदार पहाटेचाही आकडा छापा

मा. संपादक महोदय,
स. न. वि. वि.

आपल्या दैनिकाच्या सातारा पानावर दर हिवाळ्यात एक फोटो येतो. महाबळेश्वरच्या वेण्णा तलावाची जेटी, तिच्या फळ्यांवर पिठीसाखर भुरभुरावी तसा पांढरा थर आणि त्यात कुणीतरी बोटानं लिहिलेलं नाव. मी ती कात्रणं जपून ठेवते. चौतीस वर्षं वाईत भूगोल शिकवला. हवेचं तापमान आणि जमिनीचं तापमान वेगळं असतं, हे मुलांना समजावायला या फोटोइतकं सोपं साधन मला दुसरं मिळालं नाही. त्याबद्दल आपले आभार. आज मात्र लिहिते आहे ते ज्या पहाटे हिमकण पडलेच नाहीत त्या पहाटेबद्दल. तिची बातमी आपल्याकडे येत नाही, आणि ती यायला हवी असं माझं मनापासूनचं म्हणणं आहे.

आम्ही पाच मैत्रिणी. वाईच्या एकाच शाळेतून १९७७ साली दहावी झालो. एक कराडला असते, एक पुण्याला, एक लग्न होऊन मेटगुताडच्या बाजूला स्ट्रॉबेरीवाल्यांच्या घरात गेली, आणि आम्ही दोघी वाईतच राहिलो. पोरंबाळं मार्गी लागल्यावर आम्ही एक नेम धरला. संक्रांत झाली की रथसप्तमीच्या आत एक दिवस वेण्णा तलावावर काढायचा. शनिवार-रविवार टाळायचा, कारण तेव्हा तिथं गाड्यांची रांग लागते आणि बसायला जागा राहत नाही. पहाटे अंधारात पोचायचं, हिमकण बघायचे, ऊन आलं की खायचं, गप्पा मारायच्या, दिवे लागायच्या आत घरी यायचं. करोनाच्या वेळचा एक हिवाळा सोडला तर हा नेम मोडलेला नाही.

या दिवसासाठी मी एक वही केली आहे. शाळेच्या प्रयोगशाळेत वापरतात तसला काचेचा तापमापक सुतळीला बांधून जेटीजवळ कमरेच्या उंचीवर टांगायचा, अंगाची ऊब लागू नये म्हणून दोन हात लांब उभं राहायचं आणि पाच मिनिटांनी आकडा वाचायचा. वहीतला सगळ्यात खालचा आकडा अर्ध्या अंशाचा आहे. त्या दिवशी पुण्याच्या मैत्रिणीनं स्टीलच्या ताटलीत फळीवरचे हिमकण खरवडून घेतले होते आणि त्यावर साखर घालून, दात शिवशिवत, आम्ही पाचही जणींनी ते खाल्ले होते. बहुतेक वर्षी आकडा तीन ते सातच्या मधे असतो. तीन-चार असला की गवतावर पांढरं, सहा-सात असला की नुसतं दहिवर.

यंदा गुरुवार धरला होता. पहाटे सव्वाचारला वाईतून निघालो. गाडी माझा भाचा चालवत होता. पसरणीच्या घाटात काच जरा खाली केली की गारठा नाकाला झोंबतो, हे आमचं पहिलं माप. यंदा भाचाच म्हणाला, “मावशी, काच उघडीच राहू दे का? बरं वाटतंय.” कुणी काही बोललं नाही. पाचगणीत चहाला थांबलो तर टपरीवाला अर्ध्या बाह्यांच्या सदऱ्यात. दरवर्षी त्याच्या टपरीपुढं खोक्यांच्या फळकुटांची शेकोटी असते आणि तिच्याभोवती ड्रायव्हर मंडळी हात शेकत बसलेली असतात. या वेळी नुसती जुनी राख होती.

जेटीवर पोचलो तेव्हा सहा वाजले होते. आकाशात चांदणी दिसेना. वारा होता, जोराचा नाही पण सतत, आणि ओलसर. थंडीत तलावाच्या पाण्यावरून वाफा उठतात, कारण पाणी हवेपेक्षा ऊबदार असतं. तशा वाफा कुठंच नव्हत्या. सुतळी बांधली, पाच मिनिटं थांबले, बॅटरी मारून वाचलं. साडेपंधरा. हातून काही चुकलं असेल म्हणून जागा बदलून पुन्हा वाचलं. पुन्हा साडेपंधरा. उजाडायच्या बेतात, म्हणजे जेव्हा पारा सगळ्यात खाली असतो तेव्हा, तिसऱ्यांदा वाचलं. पंधरा.

याचं कारण शाळेत मी असं सांगत असे. दिवसभर तापलेली जमीन रात्री आपली उष्णता आकाशाकडे सोडते. आभाळ निरभ्र, हवा कोरडी आणि वारा पडलेला असला की ती थेट निघून जाते. गवताचं पातं, लाकडाची फळी, गाडीचं टप या पातळ वस्तू सभोवारच्या हवेच्याही आधी गार होतात. गार हवा जड असते. ती उतारावरून घरंगळत खाली येते आणि खोलगट जागेत साचते. वेण्णा तलावापासून लिंगमळ्यापर्यंतचा पट्टा असाच खोलगट आहे. म्हणून वरच्या गावात पारा आठ-नऊ अंशांवर असतानाही इथं फळीवरचं दहिवर गोठू शकतं. यात एक गोष्ट आपल्या वार्ताहरांनाही सांगावीशी वाटते. हिमकण दिसले म्हणजे पारा शून्यावर गेला असं नेहमी नसतं. हवा तीन-चार अंशांवरच असते, शून्याला पोचतं ते फळीचं अंग. ‘पारा शून्यावर’ असं मोजल्याशिवाय छापलं की मुलं तेच पाठ करतात.

आणि आभाळात ढग असले, समुद्राकडून ओलावा आला, वर वारा सुटला, की हे सगळं गणित थांबतं. ढग जमिनीची उष्णता वर जाऊ देत नाहीत, त्यातली बरीचशी परत खाली पाठवतात. मी वर्गात ढगाला जमिनीची गोधडी म्हणायचे. त्या पहाटे वेण्णावर गोधडी पडली होती.

आता त्या दिवसाबद्दल खरं ते लिहिते. तो दिवस आमच्या इतक्या वर्षांतला सगळ्यात सुखाचा दिवस होता.

एरवी आम्ही तिथं जातो ते बांधलेल्या गाठोड्यांसारख्या. स्वेटर, त्यावर शाल, कानटोपी, पायात दोन-दोन मोजे. गप्पा सुरू व्हायला साडेनऊ वाजतात, तोवर नुसतं ‘हू हू’ आणि ‘चहा आणा’. यंदा आठ वाजताच शाली निघाल्या. नऊ वाजता स्वेटर. आमच्यातल्या सगळ्यात थंडीकुडकुड्या मैत्रिणीनं मोजे काढून काठच्या दगडावर पाय सोडले, आणि ती म्हणाली, “अगं, गुडघा दुखत नाहीये!” गेल्या वर्षी तिचं गुडघ्याचं ऑपरेशन झालं आहे आणि थंडीत तिला पायरी उतरताना डोळ्यांत पाणी येतं. या वर्षी ती जेटीच्या टोकापर्यंत कुणाचा हात न धरता चालत गेली आणि परत आली. पाण्यात पाय मात्र आम्ही कुणी बुडवले नाहीत. हे पाणी लोकांच्या पिण्याचं आहे, एवढं भान आम्हाला आहे.

होडी घेतली. पायानं चालवायची नाही, वल्ह्यांची. इतर वर्षी होडीत वारा झोंबतो म्हणून अर्ध्या तासात परत फिरतो. या वेळी तासभर फिरलो. काठावरच्या झाडीत शिपाई बुलबुल बोलत होते आणि एक खंड्या एकाच खुंटावरून पाण्यात सूर मारून पुन्हा त्याच खुंटावर येऊन बसत होता. कराडची मैत्रीण शाळेत गाणी म्हणायची. नवरा गेल्यापासून, म्हणजे सहा वर्षांत, तिनं कुणासमोर तोंड उघडलेलं नव्हतं. तलावाच्या मध्यावर आल्यावर तिनं आपणहून भोंडल्याचं गाणं धरलं. जानेवारीत भोंडला! आम्ही चौघींनी टाळ्यांचा ताल धरला. नावाडी वल्ही थांबवून ऐकत बसला. गाणं संपल्यावर तो म्हणाला, “यंदा अजून जाकीट पेटीतनं काढलंच न्हाई बघा. गिऱ्हाईक येतंय, पण पहाटंचं न्हाई येत. बरफ कुठाय म्हणून इचारत्यात आन् परत जात्यात.”

हा तलाव १८४२ साली साताऱ्याच्या अप्पासाहेब महाराजांनी बांधून घेतला. वेण्णेचं पाणी अडवून केलेला आहे, म्हणजे आहे माणसानं केलेलाच, पण इतकी वर्षं झाली की आता तो डोंगराचाच झाला आहे. वेण्णा आणि आमच्या वाईची कृष्णा या दोघींचा उगम क्षेत्र महाबळेश्वरच्या एकाच पंचगंगा मंदिरात दाखवतात. पुढं एक पाचगणीच्या डोंगराच्या या बाजूनं आणि दुसरी त्या बाजूनं जाते, आणि साताऱ्याजवळ माहुलीला दोघी भेटतात. होडीत मी हे सांगितलं तेव्हा पुण्याची मैत्रीण म्हणाली, “म्हणजे आपल्यासारखंच की.” मला वर्गात इतक्या वर्षांत हे सुचलं नव्हतं.

दुपारी झाडाखाली जेवलो. ज्वारीच्या दशम्या, लसणाची चटणी, घेवड्याची भाजी, वाटेत घेतलेली महाबळेश्वरची बारीक गाजरं, पाल्यासकट. मग हळदीकुंकू. आमच्यातल्या दोघींचे पती गेले आहेत. आम्ही पाचही जणी एकमेकींना हळदीकुंकू लावतो, त्यात काही वेगळं करत नाही. तिळगूळ दिला आणि यंदाचं वाण म्हणून मी प्रत्येकीला एकेक तापमापक लुटला. पुण्याहून प्रयोगशाळेचं सामान विकणाऱ्या दुकानातून आणवले होते. आधी सगळ्या बघतच राहिल्या, मग एकेकीनं डबी उघडून तिथंच झाडाच्या सावलीत धरून बघितलं. पाच तापमापक आणि पाचही एकोणतीस-तीसच्या आसपास. जानेवारीत, वेण्णाच्या काठावर, सावलीत. एकमेकींच्या नळ्यांतली ती लाल रेघ जुळवून बघताना आम्ही शाळेतल्या बाकावर असल्यासारख्या डोकी एकत्र करून बसलो होतो.

मेटगुताडची मैत्रीण मात्र सकाळपासून गप्प होती. गाण्याला टाळ्या तिनं वाजवल्या, दशमी खाल्ली, पण मधेमधे ती मान वर करून आभाळ बघायची. तापमापक हातात घेतल्यावर तिनं तो डबीत परत ठेवला नाही. तसाच हातात धरून म्हणाली, “चला, माझ्या रानात जाऊ. तिथं लावून बघू.”

तिचं रान तलावापासून फार लांब नाही. पाऊण एकर स्ट्रॉबेरी. गादीवाफ्यांवर मल्चिंगचा कागद, त्याला पाडलेल्या भोकांतून वर आलेली रोपं, खालून ठिबकची नळी. गेली तीस वर्षं ती स्वतः वाफ्यात वाकून फळ तोडते. फळाला बोट लावायचं नाही, देठ नखानं खुडायचा, हे तिनं आम्हाला दरवर्षी दाखवलं आहे आणि दरवर्षी आमच्यातली कुणीतरी फळ दाबते. या वेळी तिनं फळ दाखवलं नाही. एका रोपाचं पान उलटं केलं.

पानाच्या कडा वरच्या बाजूला वळून पान द्रोणासारखं झालं होतं. खालच्या अंगावर पांढरट पूड होती, बोटाला लागेल न लागेल इतकी. “भुरी,” ती म्हणाली. “ढगाळ, दमट आणि ऊबदार, असं तीन दिवस राहिलं की ही येते. आज सातवा दिवस.” मग तिनं फळं दाखवली. पिकलेली होती, लालभडक, पण सुपारीएवढी. “थंडी असली की फळ सावकाश पिकतं. सावकाश पिकतं म्हणून भरतं, गोड होतं. रात्र अशी ऊबदार राहिली की घाईनं लाल होतं, आणि तोडून पनेटमधे, म्हणजे विक्रीच्या छोट्या डबीत, भरेपर्यंत मऊ पडतं. मुंबईला पोचेपर्यंत पाणी सुटतं. व्यापारी पेटी उघडून बघतो आणि निम्मा भाव सांगतो.”

महाबळेश्वरच्या स्ट्रॉबेरीला २०१० साली भौगोलिक मानांकन मिळालं. भौगोलिक म्हणजे काय, तर या मातीचा, या उंचीचा आणि या थंडीचा गुण. देशातल्या स्ट्रॉबेरीचा फार मोठा वाटा या एका डोंगरावरून जातो. त्यातली थंडी काढली तर मानांकनाच्या कागदावर उरतं काय, हा प्रश्न माझ्या मैत्रिणीनं मला विचारला. मी भूगोलाची शिक्षिका, आणि माझ्याजवळ उत्तर नव्हतं.

आम्हाला सुखाचा झालेला दिवस तिला असा गेला होता. आणि तरीही संध्याकाळी निघताना तिनं कराडच्या मैत्रिणीला सांगितलं, “तू गायलीस ना, मग आजचा दिवस मी वाया गेला असं म्हणणार नाही.” मला या दोन गोष्टी एकमेकींतून सोडवता येत नाहीत. म्हणूनच हे पत्र लांबलं आहे.

एका उबदार दिवसावरून हवामान बदललं, असं मी म्हणणार नाही. जानेवारीत ढग पूर्वीही यायचे. एका दिवसाची ती हवा आणि तीस वर्षांची सरासरी ते हवामान, हे मीच फळ्यावर लिहीत आले. पण हेही खरं आहे की भारतीय हवामान विभागाच्या १९०१ पासूनच्या नोंदींत २०२४ हे देशातलं सगळ्यात उष्ण वर्ष ठरलं, आणि सरासरी तापमान पाहता २०२५ चा फेब्रुवारी हा तेव्हापासूनचा सगळ्यात उष्ण फेब्रुवारी होता. देशाची नोंद आहे म्हणून देशाबद्दल असं बोलता येतं. वेण्णाकाठच्या पट्ट्याबद्दल आपण कशाच्या आधारावर बोलणार?

महाबळेश्वरात हवामान विभागाची वेधशाळा आहे, तिची नोंद चोख असते, आणि रोज मिळते. पण ती वर गावाजवळच्या उंचावरची. तलावाच्या खोलगटातली पहाट वेगळी असते, हे आपणच दरवर्षी फोटो छापून दाखवता. फळपिकांचा हवामानावर आधारलेला विमा महसूल मंडळातल्या हवामान केंद्राच्या आकड्यांवर चालतो. केंद्र सड्यावर, म्हणजे डोंगरमाथ्याच्या पठारावर, आणि रान खोलगटात असलं तर दोन्हीकडच्या रात्री एकसारख्या नसतात. माझी मैत्रीण मागे हेच सांगायला एका कार्यालयात गेली होती. ‘बांधावरचा आकडा आमच्याकडे चालत नाही’ असं तिला तोंडी सांगण्यात आलं. नियम असेल, त्यावर मी वाद घालत नाही. पण मग चालेल असा आकडा त्या पट्ट्यात कुणीतरी घ्यायला तर हवा.

आता आपल्या दैनिकाकडे येते. उद्या, पन्नास वर्षांनी, कुणी मुलगी वाचनालयात आपले जुने अंक काढून बसली आणि महाबळेश्वरचा हिवाळा कसा होता ते शोधू लागली, तर तिला काय सापडेल? पांढऱ्या जेटीचे फोटो. प्रत्येक हिवाळ्यात दोन, तीन, कधी चार. तिला वाटेल, वेण्णाकाठी हिवाळाभर बर्फ पडत होता. ज्या पहाटे काहीच पडलं नाही, ज्या पहाटे जेटी नुसती ओली होती आणि हवा पंधरा अंशांवर होती, त्या तिला दिसणारच नाहीत, कारण त्यांचा फोटो कुणी काढला नाही. आणि त्या जास्त झाल्या की कमी झाल्या, हेच तर तिला जाणून घ्यायचं असेल. महाबळेश्वरला ‘मिनी काश्मीर’ म्हणणंही आपण सोडावं अशी माझी विनंती आहे. पर्यटक त्या शब्दानं येतात आणि ओली फळी बघून हिरमुसून परत जातात, हे नावाड्यानं सांगितलंच आहे. महाबळेश्वरला स्वतःची थंडी आहे, स्वतःचा शब्द आहे. माझी आई तिला ‘दहिवर गोठलं’ म्हणायची.

माझं मागणं फार खर्चाचं नाही. एक नोव्हेंबरपासून फेब्रुवारीअखेरपर्यंत, रोज, न चुकता, वेण्णा तलावाकाठचं पहाटेचं तापमान आपण सातारा पानाच्या कोपऱ्यात छापावं. पुण्या-साताऱ्याचं कमाल-किमान छापता, त्याच चौकटीत एक ओळ. हिमकण पडोत वा न पडोत. त्यासाठी तलावाकाठी झडपांची पांढरी पेटी, जिला वेधशाळेत स्टीव्हन्सन पेटी म्हणतात, जमिनीपासून चार फुटांवर नीट बसवावी, सावलीत नाही, मोकळ्यावर. पेटीच्या झडपाच तापमापकाला ऊन लागू देत नाहीत. नगरपालिका, कृषी खातं, वेधशाळा, कुणी मनावर घेतलं तर होईल. कुणी घेतलं नाही तर तिथल्या शाळेच्या मुलांना मी शिकवून येईन. रोज सकाळी आकडा वाचणं आणि वहीत लिहिणं, याला सातवीचं मूल पुरतं. वर्गात मी हे केलं आहे, मुलं चुकत नाहीत. मोठी माणसं चुकतात, कारण ती आकडा बघायच्या आधीच किती असणार ते ठरवतात.

सोबत माझ्या वहीतल्या पानांच्या छायाप्रती पाठवते आहे. वर्षातून एकाच पहाटेची नोंद, म्हणजे शास्त्राच्या दृष्टीनं फार उपयोगाची नाही, हे मला कळतं. आपल्या वार्ताहरांनी ती फक्त पद्धत समजून घ्यायला बघावी.

मैत्रिणीनं वाणातला तापमापक तिच्या रानातल्या खोपीत, उत्तरेच्या बाजूला, खांबाला बांधला आहे. त्या गुरुवारपासून तिची सून रोज सकाळी साडेसहाला आकडा वाचते आणि मला फोनवर कळवते. मी तो वहीत उतरवते. आधी मी नुसतीच उतरवत होते. आता त्या आकड्यावरून मैत्रिणीचा आवाज कसा असेल ते फोन उचलायच्या आधीच कळतं. परवा आकडा साडेआठ होता, तेव्हा फोन सुनेनं न करता तिनं स्वतः केला. ही ओळ सुरू करायची ठरलं, तर पहिल्या दिवसापासून हे आकडे मी आपल्या कार्यालयात पोचवीन, पेटी बसेपर्यंत.

आज पहाटेचा: साडेअकरा. आभाळ अर्धं ढगाळ, वारा नाही.

कळावे, लोभ असावा.

आपली,
एक निवृत्त भूगोल शिक्षिका, वाई